आग्रह नसलेल्या देशात

आखेनमध्ये शिकणाऱ्या मराठी मुलामुलींना मी एक प्रश्न हमखास विचारत होते: इथे आल्यावर सगळ्यात जड काय गेलं? थंडी, भाषा, जेवण अशी उत्तरं येतील याची तयारी ठेवली होती. ती आलीही, पण उरकल्यासारखी. थंडीला जॅकेट मिळतं, भाषेला क्लास असतो आणि तूरडाळ आता तिथल्या दुकानातही मिळते. बोलणं वाढलं, चहाचा दुसरा कप झाला, की मग खरं काय ते बाहेर यायचं. साताऱ्याकडच्या एका मुलीने ते सगळ्यात सरळ सांगितलं. म्हणाली, "ताई, इथे कुणी वाईट वागत नाही. पण कुणी आपणहून विचारतही नाही."

आखेन हे जर्मनीच्या पार पश्चिम टोकाचं, अडीच लाख वस्तीचं शहर. बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमा गावाला खेटून आहेत. प्रवासी येतात ते सम्राट कार्लचं कॅथेड्रल पाहायला, आणि विद्यार्थी येतात ते १८७० साली स्थापन झालेल्या तंत्रविद्यापीठासाठी. तिथे चाळीस हजारांहून जास्त विद्यार्थी शिकतात आणि त्यांच्यात पुणे, नाशिक, कोल्हापूर, सांगलीच्या अभियांत्रिकी कॉलेजांतून आलेली मुलं बरीच भेटतात. पुण्याला जर्मनी तसा परका नाही. रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्स म्यूलर भवनात जर्मन शिकलेल्या पिढ्या घरोघरी आहेत आणि चाकणला जर्मन मोटारींचा कारखाना आहे. पण इतक्या संख्येने मुलं तिकडे निघाली ती गेल्या काही वर्षांतच. २०२२-२३ च्या हिवाळी सत्रात जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांनी चिन्यांना मागे टाकलं आणि पुढच्याच वर्षी भारतीयांचा आकडा ४९ हजारांच्या वर गेला.

कारण उघड आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणाची फी नाही. आखेनमध्ये सत्राला तीन-साडेतीनशे युरोंच्या आसपास भरले की बस-रेल्वेचा पासही त्यातच येतो. मात्र राहण्या-खाण्याची सोय दाखवण्यासाठी व्हिसाआधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरोच हातात येतात. रुपयांत ही रक्कम साधारण बारा लाखांच्या घरात जाते. शेती, पीएफ किंवा शैक्षणिक कर्ज यांतलं काहीतरी त्यामागे उभं असतं.

जायच्या आधीची कागदी तयारी आता पक्की झाली आहे. २०२२ च्या नोव्हेंबरपासून सक्तीचं झालेलं, शैक्षणिक कागदपत्रं पडताळणारं एपीएस प्रमाणपत्र, विमा, व्हिसाची तारीख, हे सगळं समजावून देणारे सल्लागार पुण्यात गल्लोगल्ली सापडतात. कुकर किती लिटरचा न्यायचा, मसाले कुठल्या बॅगेत भरायचे, हेही सीनियर मुलं फोनवर सांगतात. पण जेवणाच्या टेबलावर यजमानीण एकदाच विचारेल आणि पुन्हा विचारणार नाही, हे कुणी सांगत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका मुलाला ते असंच कळलं. वर्गातल्या जर्मन मित्राने त्याला सुट्टीत आपल्या गावी नेलं. आखेनच्या दक्षिणेला आयफेलचा डोंगराळ भाग आहे, तिथलं लहानसं गाव. मित्राच्या आईने तो शाकाहारी आहे का हे आधीच विचारून ठेवलं होतं आणि त्याच्यासाठी बटाट्याचं आणि चीजचं काहीतरी वेगळं भाजलं होतं. पहिलं वाढून झालं. पदार्थ चांगला होता, भूकही होती. आईने भांडं पुढे करून विचारलं, आणखी घेणार? त्याने घरी शिकवल्याप्रमाणे हसून नको म्हटलं. भांडं पुढे सरकलं, मग सगळ्यांचं झाल्यावर आत गेलं. आपल्याकडे पानावर आडवा हात धरायचा असतो आणि वाढणाऱ्याने तो बाजूला सारून जिलबी टाकायची असते. दोघांनाही ते माहीत असतं. इथे त्याने हात धरला आणि समोरच्याने तो मानला. रात्री खोलीवर परतल्यावर त्याने मॅगी करून खाल्ली.

पुढच्या भेटीत त्याने न लाजता दुसऱ्यांदा घेतलं आणि मागच्या वेळचा प्रकारही सांगून टाकला. मित्राची आई आधी हसली, मग जरा गंभीर झाली. तिचं म्हणणं त्याने मला सांगितलं ते असं: मोठ्या माणसाने नको म्हटल्यावर मी पुन्हा विचारलं तर त्याचा अर्थ मी तुझ्या बोलण्यावर विश्वास ठेवला नाही असा होतो. तुझी भूक तुला माझ्यापेक्षा जास्त कळते.

याची दुसरी बाजूही त्याच मुलाने ऐकवली. त्याने त्या मित्राला खोलीवर जेवायला बोलावलं, वांग्याची भाजी आणि पोळ्या केल्या, आणि आईने केला असता तसा आग्रह केला. मित्राने दुसऱ्या पोळीला नको म्हटलं, तिसरीला म्हटलं, चौथीलाही म्हटलं, आणि चारही खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी त्याने प्रामाणिकपणे विचारलं, मी इतक्या वेळा सांगूनही तू ऐकत का नव्हतास? घरी प्रेम म्हणून जे केलं जातं ते समोरच्यापर्यंत जबरदस्ती म्हणून पोचलं होतं. इथली बहुतेक मुलं ज्या फरकाने चकित होतात आणि काही जण ज्याने दुखावतात, तो सगळा माझ्या मते या टेबलावर दिसतो. आपल्याकडे समोरच्याची गरज ओळखायची जबाबदारी देणाऱ्यावर असते. तिकडे ती ज्याला गरज आहे त्याच्यावर असते, आणि त्याने ती शब्दांत सांगायची असते.

शिक्षणाच्या बाबतीत हे फार महागात पडू शकतं. महाराष्ट्रातल्या कॉलेजात परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख नोटीस बोर्डवर लागते, वर्गाच्या ग्रुपवर येते, कारकून ओरडून सांगतो, शेवटी एखादे सर वर्गात येऊन कोण राहिलंय ते विचारतात. जर्मन विद्यापीठात लेक्चरला बसणं आणि परीक्षेला बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेसाठी विद्यार्थ्याने स्वतः पोर्टलवर ठरलेल्या मुदतीत नाव नोंदवायचं असतं. नको असेल तर मुदतीत काढूनही घेता येतं. दुसऱ्या एका शहरात शिकणारा विदर्भातला एक मुलगा पूर्ण सत्र एकही लेक्चर न चुकवता बसला, अभ्यास पक्का केला, परीक्षेच्या हॉलमध्ये पोचला आणि यादीत त्याचं नावच नव्हतं. पर्यवेक्षक अतिशय सभ्यपणे बोलले, पेपर मात्र मिळाला नाही. सहा महिने गेले. त्याच्याशी बोलताना जाणवलं की त्याला सगळ्यात जास्त टोचत होतं ते शेजारी बसणाऱ्यांचं वागणं. त्यांना मुदत माहीत होती आणि त्यांच्यापैकी कुणीही त्याला भरलास का असं विचारलं नव्हतं. त्यांच्या दृष्टीने परीक्षा या सत्रात द्यायची की पुढच्या, हा त्याचा खासगी निर्णय होता. त्यात नाक कशाला खुपसायचं?

हा निर्णय हलका नसतो. साधारणपणे एका विषयाला तीन संधी असतात. तिन्ही गेल्या आणि विषय सक्तीचा असला तर तो अभ्यासक्रमच हातचा जातो, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठात जाऊन पुरा करण्याची वाटही बहुधा बंद होते. गुणांची पद्धत आपल्या उलट आहे. १.० सर्वांत उत्तम, ४.० म्हणजे कसाबसा पास आणि ५.० नापास. पुण्यात कायम पहिल्या वर्गात राहिलेली मुलं पहिल्या सत्रात ३.७ पाहतात आणि घरी सांगत नाहीत.

याच व्यवस्थेत मागणाऱ्यासाठी दारं किती उघडी आहेत, हे मात्र उशिरा कळतं. प्रत्येक प्राध्यापकाची भेटण्याची वेळ ठरलेली असते. ईमेल करून वेळ घ्यायची, प्रश्न लिहून न्यायचे. निकालानंतर एक दिवस उत्तरपत्रिका पाहण्यासाठी ठेवलेला असतो. विद्यार्थी आपला तपासलेला पेपर हातात घेऊन प्रत्येक गुणाबद्दल विचारू शकतो आणि तपासनिसाची चूक असेल तर गुण वाढतात. आपली मुलं सुरुवातीला तिकडे फिरकत नाहीत. गुरुजींनी दिलेल्या गुणांवर शंका घेणं त्यांना उद्धट वाटतं. कोल्हापूरची एक मुलगी मैत्रिणीच्या सांगण्यावरून गेली. एका गणिताच्या शेवटच्या पायरीला शून्य मिळालं होतं. तिने घाबरतच विचारलं. साहाय्यकाने ती पायरी पुन्हा वाचली, मान हलवली आणि तिथल्या तिथे गुण दुरुस्त केले. शिवाय विचारलंस ते बरं केलंस, असंही म्हणाला. त्यानंतर ती एकही पेपर पाहायचा सोडत नाही. इथे लेक्चर संपल्यावर विद्यार्थी टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर बोटांच्या पेरांनी टकटक करतात. पहिल्यांदा ऐकताना पाऊस आल्यासारखं वाटतं, असं ती सांगत होती. दहाचं लेक्चर सव्वादहाला सुरू होतं, कारण पंधरा मिनिटांची सवलत विद्यापीठाने जुन्या प्रथेने धरलेली असते. कुणाच्या घरी तीनला कॉफीला बोलावलं असेल तर मात्र तीन म्हणजे तीनच.

वसतिगृहाच्या किंवा भाड्याच्या फ्लॅटच्या सामाईक स्वयंपाकघरात हे सगळे नियम एकत्र भेटतात. भिंतीवर साफसफाईचा तक्ता असतो. पॅकिंगचा कचरा पिवळ्यात, कागद निळ्यात, ओला कचरा तपकिरी डब्यात आणि उरलेलं काळ्यात, अशी वाटणी बहुतेक गावांत आहे. काचेच्या बाटल्या रस्त्याकडेच्या टाकीत रंगाप्रमाणे टाकायच्या, पण रात्री आणि रविवारी नाही, कारण आवाज होतो. प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती दुकानातल्या मशीनमध्ये टाकून परत मिळवायची. पैसे मोजून राहणाऱ्या मुलांना ही शेवटची सवय सगळ्यात लवकर लागते.

वांधे होतात ते फोडणीवरून. मोहरी तडतडली, मिरचीचा खकाणा उठला की छताला लावलेला धुराचा अलार्म बोंबलतो. अलार्म नाही वाजला तर शेजारची मुलगी येते आणि सांगते की तुझ्या जेवणाचा वास माझ्या कपड्यांना लागतो, खिडकी पूर्ण उघडून दार लावून घे. असं तोंडावर ऐकायची आपल्याला सवय नाही. आपण त्याच तक्रारीसाठी आधी चौकशी करू, मग हवेवर बोलू, मग कधीतरी हळूच विषय काढू, किंवा तिसऱ्याकरवी निरोप पोचवू. पहिल्यांदा ऐकलेली मुलं खोलीत जाऊन रडलेली आहेत. तिला आपण आवडत नाही, आपलं जेवण आवडत नाही, आपला देश आवडत नाही, इथपर्यंत विचार जातो. आणि तीच मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी घेणार का म्हणून विचारते. तिच्या लेखी विषय खिडकीचा होता आणि खिडकी उघडल्यावर तो संपला. मला यात एक न्याय दिसतो. जी माणसं आपली अडचण इतक्या सरळ सांगतात, ती समोरच्याकडूनही तेवढ्याच सरळपणाची अपेक्षा ठेवतात. तू काही बोलला नाहीस म्हणजे तुला अडचण नाही, असं ती मनापासून धरून चालतात.

रविवारचं एक सांगायला हवं. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. बेकरी, स्टेशन, पेट्रोल पंप असे अपवाद सोडले तर किराणासुद्धा मिळत नाही. ही निव्वळ रूढी नाही. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून जपावा हे १९१९ च्या वायमार राज्यघटनेत लिहिलं गेलं आणि १९४९ च्या राज्यघटनेत ते कलम जसंच्या तसं सामावून घेतलं. बर्लिनने नाताळाआधीचे चारही रविवार दुकानांना मोकळे केले, तेव्हा २००९ मध्ये जर्मनीच्या केंद्रीय घटना न्यायालयाने ते अमान्य केलं. आखेनच्या मुलांना यातून एक पळवाट आहे. शहरी बसने थोडंसं पश्चिमेला गेलं की नेदरलँड्समधलं फाल्स गाव लागतं आणि तिथलं सुपरमार्केट रविवारीही उघडं असतं. दुधाच्या पिशवीसाठी देश ओलांडणारी ही मुलं आपल्याकडच्या भावंडांना त्याचे फोटो पाठवतात. पण नव्याने आलेल्या मुलासाठी पहिले काही रविवार फार लांबतात. रस्ते रिकामे, दुकानं बंद, डिसेंबरात सूर्य साडेआठच्या सुमारास उगवून साडेचारला मावळतो, आणि शेजारच्या दाराआड माणूस असूनही आवाज नसतो.

नांदेडकडच्या एका मुलाला पहिल्याच जानेवारीत ताप आला. तिघांचा फ्लॅट होता. दोघे जर्मन. हा खोलीचं दार लावून पडून राहिला. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, संध्याकाळपर्यंत कुणीतरी डोकावेल. स्वयंपाकघरात भांड्यांचे आवाज येत होते, कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी ताप वाढला. घरची पेज आठवली, शेजारच्या काकू आठवल्या, ज्या दार न वाजवता आत येतात आणि कपाळाला हात लावतात. आईचा फोन आला तेव्हा त्याने आवाज खणखणीत ठेवून अभ्यास चाललाय असं सांगितलं. बिस्किटं संपली होती. या दोघांना मी मेलो तरी कळणार नाही, असं त्याच्या मनात आलं, हे त्याने मला सांगितलं तेव्हाही त्याचा आवाज बदलला.

तिसऱ्या दिवशी त्याने फ्लॅटच्या ग्रुपवर इंग्रजीत लिहिलं: मला तीन दिवस ताप आहे, घरात खायला काही नाही, डॉक्टरकडे कसं जायचं ते मला माहीत नाही. थोड्याच वेळात दार वाजलं. एकाने सूप करायला टाकलं. दुसऱ्याने रात्री आणि सुट्टीच्या दिवशी डॉक्टर मिळवून देणारा ११६११७ हा नंबर फिरवला, विम्याचं कार्ड मागून घेतलं, सगळी माहिती जर्मनमध्ये सांगितली. सकाळी तो याच्याबरोबर बसने दवाखान्यात गेला, आपलं लेक्चर सोडून बाहेर बसून राहिला. डॉक्टरांनी तपासलं, फ्लू आहे म्हणाले, भरपूर गरम चहा आणि विश्रांती सांगितली. आपल्याकडे मिळते तशी औषधांची पुडी मिळाली नाही, याचंही त्याला नवल वाटलं. पुढचा आठवडाभर दोघांनी आळीपाळीने त्याचं सामान आणलं. आणि पहिल्याच संध्याकाळी ते त्याच्यावर रागावले. तीन दिवस तू गप्प का राहिलास? बंद दार पाहून आम्हाला वाटलं तुला शांतता हवी आहे. आम्ही दार वाजवलं असतं तर तुला त्रास झाला असता.

मी त्या दोघांपैकी एकाशी बोलले. तो लाजून म्हणाला की आम्ही लहानपणापासून हेच शिकलो. बंद दार म्हणजे आत येऊ नका. दुसऱ्याच्या आयुष्यात न बोलावता शिरायचं नाही, हा तिथे आदर आहे. याला कोरडेपणा म्हणणं चुकीचं आहे असं माझं स्पष्ट मत झालं आहे. कोरडी माणसं लेक्चर सोडून दवाखान्याच्या बाकावर बसत नाहीत.

तरी या रीतीची किंमत आहे आणि ती लपवून चालणार नाही. जो बोलू शकत नाही तो एकटा पडतो. हे केवळ परदेशी मुलांचं होत नाही. जर्मन सरकारनेच २०२३ च्या डिसेंबरमध्ये एकटेपणावर राष्ट्रीय धोरण आखलं, कारण त्यांचे स्वतःचे म्हातारे आणि तरुणही त्यात सापडले आहेत. न विचारता दार ढकलणाऱ्या काकू ही एक सामाजिक सोय आहे, तिच्यामुळे जीव वाचतात. आपल्याकडे तिचा जाच होतो अशी तक्रार तरुण मुली करतात आणि ती खोटी नाही. लग्न कधी, पगार किती, वजन का वाढलं, हेही तीच काकू विचारते. पण आखेनमध्ये वर्षभर राहिलेल्या त्याच मुलींनी मला सांगितलं की कधी कधी कुणीतरी असं आगाऊपणे विचारावं असं वाटतं.

काही मुलांनी यातून मधली वाट काढली आहे. एका वसतिगृहात मराठी मुलांनी महिन्यातून एकदा मजल्यावरच्या सगळ्यांना पोहे खायला बोलवायचं ठरवलं. आधी कागद लावायचा, वेळ लिहायची, येणार असाल तर नाव लिहा म्हणायचं, म्हणजे जर्मन पद्धतीने आमंत्रण आणि मराठी पद्धतीने खाऊ घालणं. पहिल्या वेळी नावं तुरळक होती. आता स्वयंपाकघरात जागा पुरत नाही. कोरियन, तुर्की, जर्मन मुलं खोबरं-कोथिंबीर पेरायला उभी असतात. वाढदिवसालाही असंच आहे. तिथे वाढदिवस असणारा स्वतः केक आणतो आणि सगळ्यांना बोलावतो. कुणीतरी आपल्यासाठी काही करेल म्हणून वाट पाहत बसलेल्या मुलाचा दिवस सुना जातो. एका मुलीचा पहिला वाढदिवस असाच गेला. दुसऱ्या वर्षी तिने शिरा केला, डबा भरून प्रयोगशाळेत नेला आणि सांगितलं, आज माझा वाढदिवस आहे. सगळ्यांनी मिळून तिच्यासाठी जर्मन गाणं म्हटलं.

मागण्याची ही रीत आपल्याला परकी आहे असं समजायचं कारण नाही. १८७८ मध्ये कोल्हापूरहून गोपाळराव जोशींनी आपल्या बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागणारं पत्र अमेरिकेतल्या मिशनऱ्यांना लिहिलं. ते एका मासिकात छापून आलं, न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याकडे थांबलेल्या असताना वाचलं आणि ओळखपाळख नसताना आनंदीबाईंना आपल्या घरी ठेवून घ्यायची तयारी दाखवली. १८८३ मध्ये आनंदीबाई निघाल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या, आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियातून डॉक्टर झाल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२१ मध्ये आखेनपासून जवळच असलेल्या बॉनच्या विद्यापीठात नाव नोंदवलं होतं. त्याच वर्षी लंडनमध्ये पैशांची ओढाताण झाली तेव्हा त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून कर्जाऊ रक्कम मागितली. एवढ्या स्वाभिमानी माणसाला त्यात कमीपणा वाटला नाही. शिक्षण पुरं करायचं होतं, त्यासाठी जे लागत होतं ते त्यांनी स्पष्ट लिहिलं. भीड भिकेची बहीण, ही म्हण आपल्याच भाषेत आहे.

आणि तरी घरोघरी आपण मुलांना भिडस्तपणा हा गुण म्हणून शिकवतो. लोकांना त्रास देऊ नये. आपलं दुःख आपल्यापाशी. कुणाकडे हात पसरू नये. ही शिकवण चाळीत, वाड्यात, गावात चालून जाते, कारण तिथे न बोलता ओळखणारी माणसं चहूबाजूंनी असतात. मुलाला त्या माणसांतून उचलून साडेसहा हजार किलोमीटरवर ठेवलं की तीच शिकवण त्याच्यावर उलटते. डोक्यावर कर्ज असतं, गुण ३.७ असतात, आणि फोनवर आई विचारते तेव्हा उत्तर एकच, सगळं छान आहे. मी भेटलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी घरी एकदा तरी असं खोटं सांगितलं होतं. घरच्यांनी पैसे उभे केले आहेत, त्यांना आणखी काळजी कशाला, ही त्यामागची माया मला समजते. पण त्या मायेपायी जानेवारीत ताप अंगावर काढला जातो, आणि कधी कधी त्याहून वाईट होतं.

विद्यापीठांत समुपदेशक असतात आणि विद्यार्थ्यांकडून त्याचे पैसे घेत नाहीत. फ्रँकफर्ट, म्युनिक, बर्लिन अशा शहरांत मराठी मंडळं आहेत, गणपती-दिवाळीला ती मुलांना जेवायला बोलावतात. प्राध्यापकांची भेटीची वेळ दारावर लिहिलेली असते. यांतलं काहीही आपणहून चालत मुलाच्या खोलीपर्यंत येणार नाही. एक मेल लिहावी लागते, एक फोन करावा लागतो.

ज्यांच्या घरातून पुढच्या वर्षी कुणी निघणार आहे, त्या आईवडिलांना माझी विनंती आहे. कागदांची फाइल मुलाच्या हातात द्या आणि बँकेत, पासपोर्ट कचेरीत, डॉक्टरकडे त्याला एकट्याला पाठवा. त्याच्या वतीने बोलू नका. घरात त्याला काय हवं ते ओळखून देण्याआधी त्याला एकदा सांगू द्या. गुण कमी पडले, पैसे संपले, एकटं वाटलं, तर घरी बोलायची मुभा आहे आणि बोलल्यावर ओरडा बसणार नाही, हे निघण्यापूर्वी शब्दांत सांगा. मनात असून चालत नाही.

आणि ज्यांची मुलं यंदाच गेली आहेत त्यांच्यासाठी: हिवाळी सत्राची लेक्चरं ऑक्टोबरच्या मध्यापासून सुरू होतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हापासून जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतो. आपल्या रात्री साडेनऊला तिकडे संध्याकाळचे पाच वाजलेले असतात आणि अंधार पडू लागलेला असतो. फोन त्या वेळी करा. जेवलास का एवढं विचारून ठेवू नका. शेजारी कोण राहतं, त्याचं नाव काय, त्याच्याशी शेवटचं कधी बोललास, हे विचारा.